सगळेच जावई

जळगाव,
२७ एप्रिल २०२६

तीर्थस्वरूप पंडितनाना यांस,
मेघाचा सा. न. वि. वि.

आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, धुळ्याला आले तेव्हा तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही आधी पप्पांच्या मानाच्या टोपी-टॉवेलचं ताट धरून उभे, मग रस वाढण्यात गुंतलेले. फोन केला तर लतामावशी मधेच हातातून घेते, म्हणून तुमच्या आवडीप्रमाणे पत्र लिहिते आहे.

पुण्याहून बदली होऊन इथल्या बँकेत आल्यापासून मी रविवारी एक खेळ चालवते. टेबलाभोवती चौघं बसतो. मी सूत्रधार, म्हणजे जंगल, किल्ला, राक्षस सगळे माझ्या तोंडून. बाकीचे एकेक पात्र घेतात, आपण काय करणार ते सांगतात आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. आहेरासाठी तुम्ही इथल्या ज्या सुरेशचंद शेठच्या दुकानातून कापड घेता, त्यांचा जिनेश आमच्यात आहे. तो राज्यातून हाकललेला युवराज. त्याची चुलतबहीण आयुषी देवीची कन्या. भुसावळहून रेल्वेतला स्वप्नील येतो, तो भविष्यवाणीत सांगितलेला वीर. पात्रं ज्याची त्याने ठरवली आणि मीही हौसेने होकार दिला.

आता काय झालंय, की काल ओढ्यावरून पाणी कोणी आणायचं यावर अख्खी दुपार गेली. युवराज कळशी उचलेना, देवीच्या मुलीला ते शोभेना, वीर म्हणाला भविष्यवाणीत पाण्याचा उल्लेख नाही. गुहेतला राक्षस बिचारा वाट बघून झोपला. निघताना कोणी कोणाशी धड बोललं नाही. नाना, जळगावात माझं म्हणावं असं हे एवढंच आहे. खेळ मोडला तर मला रविवार खायला उठेल. घरातली सगळी लग्नं तुम्ही पार पाडली आहेत, तर यातून वाट सांगा.

माया आहे तशी ठेवा आणि मावशीला माझा नमस्कार सांगा.

तुमची,
मेघा

---

धुळे,
१ मे २०२६

चि. मेघास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं. तुझ्या मावशीने एकदा वाचून राक्षस जेवतो काय, एवढंच विचारलं.

तुझं दुखणं मला पहिल्या ओळीत कळलं. तू सगळेच जावई गोळा केले आहेस. अगं, ज्या मांडवात सगळेच जावई, तिथे वरण कोण वाढणार? लग्न उभं राहतं ते वाढप्यांवर. जावई काय करतो? गादीवर बसतो, टोपी लहान झाली म्हणून रुसतो आणि दोन वेळा समजूत काढल्यावर जेवतो. या विषयात माझ्यासमोर कोणी तोंड उघडू नये. तुझ्या आजोबांना मुलगा नव्हता, म्हणून लग्न होऊन मी याच घरात राहिलो. तेव्हापासून या घराचे जावई मीच सांभाळतो आहे, तुझे पप्पा धरून.

दोंडाईच्याच्या लग्नात चार जावयांची कोणाचा टॉवेल मोठा यावरून जुंपली. मी चौघांचेही टोपी-टॉवेल परत ट्रंकेत घातले आणि सगळ्यांना एकेक नारळ दिला. कोणी चूं केलं नाही. तूही तेच कर. सगळ्यांच्या टोप्या काढून घे. युवराज वगैरे सब झूट, सगळी साधी माणसं. मग बघ कळशी कशी उचलतात.

लोभ करत जा, आणि सल्ला मानत जा.

तुझा,
पंडितनाना

---

जळगाव,
१२ मे २०२६

तीर्थस्वरूप नानांस,
सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला मानला आणि हात पोळून घेतले. रविवारी मी राजवाड्यातल्या सुईणीकडून वदवलं, की युवराज पाळण्यातच बदलला गेला, तो खरा कुंभाराचा. देवीने आयुषीला ओळख दाखवली नाही. भविष्यवाणी शेजारच्या गावच्या माणसाची निघाली. सगळे साधे झाले.

पाणी आलं, नाना. निमूटपणे आलं. त्यानंतर मात्र कोणाला काही करावंसंच वाटेना. आयुषी मोबाइल काढून बसली. स्वप्नील म्हणाला, सहा दिवस तो साधा माणूसच असतो, त्यासाठी भुसावळहून यायची गरज नाही. जिनेश आपले फासे गोळा करून उठला. आठवडाभर दुकानात त्याला सगळे शेठचा पोरगा म्हणून हाक मारतात, रविवारी तेवढा त्याला स्वतःचा मान होता. काल त्याचा निरोप आला, की आता जमणार नाही.

वर काल मावशीशी फोनवर बोलले, तेव्हा कळलं की दोंडाईच्याचे ते चारही जावई न जेवता दुपारच्या गाडीने निघून गेले होते. हे तुमच्या पत्रात नव्हतं. मला रडू येतंय आणि तुमचा रागही येतोय.

तरी लोभ कमी करू नका. सल्ला मात्र तूर्त नको.

मेघा

---

धुळे,
१५ मे २०२६

चि. मेघास,
आशीर्वाद.

दोंडाईच्याचं तुझ्या मावशीने सांगायला नको होतं. ते जेवले नाहीत हे खरं, पण भांडले नाहीत हेही खरं.

रागावलीस ते बरोबर आहे. मोडलं माझ्यामुळे, तर जोडायलाही मीच आलं पाहिजे. चोवीस तारखेच्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने येतो. आधी सुरेशचंद शेठच्या दुकानावर जाईन. समोर जाऊन बोलावल्यावर जिनेश मला नाही म्हणायचा नाही, लहान होता तेव्हापासून तो मला टॉवेल उलगडून दाखवतो आहे. बाकी दोघांना तू सांग, की धुळ्याचे एक म्हातारे गृहस्थ खेळायला येणार आहेत.

मी गाडीवान होईन. बैलगाडी हाकीन, पाणी आणीन, चूल पेटवीन. साधं माणूस असणं किती सोपं आहे ते पोरांना बघू दे. माझ्यासाठी काही खास करू नकोस.

माझ्यावरचा लोभ रविवारपर्यंत टिकव, पुढचं पुढे.

पंडितनाना

---

जळगाव,
२६ मे २०२६

तीर्थस्वरूप मावशीस,
मेघाचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुलाच आहे, नानांना वाचायला देऊ नकोस. त्यांनी घरी काय सांगितलं मला ठाऊक नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

तिघंही आले, जिनेश नानांच्या मागून मान खाली घालून. सुरुवातीला नाना बोलल्याप्रमाणे वागले. गाडी हाकली, बैलांना चारा घातला, सगळ्यांसाठी भाकरी थापल्या. पोरं जांभया देत होती. मग गाडी एका किल्ल्याच्या वेशीपाशी आली. मी पहारेकरी होऊन प्रत्येकाला विचारलं, की तू कोण. जिनेश म्हणाला कुंभार. स्वप्नील म्हणाला वाटसरू. आयुषीने तर मोबाइलमधून मानही वर केली नाही. मग नानांची पाळी आली.

मावशी, ते खुर्चीतून उभे राहिले. म्हणाले, मी या किल्ल्याचा थोरला जावई आहे. वेशीवर वाजंत्री का नाही, पाय धुवायला गरम पाणी कुठे आहे, आणि माझी टोपी कुठे ठेवली आहे? आवाज असा, की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. मी फासा टाकायला सांगितला तर सगळ्यात मोठा आकडा पडला, म्हणजे पहारेकऱ्याने विश्वास ठेवलाच पाहिजे. मग नाना खाली बसले आणि हळूच म्हणाले, की कोण म्हणून विचारलं की आपण जन्मभर कोणी नाही, घरचाच, असं सांगत आलो. आज तोंडातून तसं निघेना.

आधी जिनेश उठला. म्हणाला, पाण्याची कळशी मी आणतो. मग आयुषी वाजंत्री झाली आणि स्वप्नीलने दारातच पाटाभोवती रांगोळी घातली. ज्या तिघांनी एका कळशीवरून अख्खी दुपार घालवली होती, ते तिघं माझ्या नानांचे पाय धुवायला धावत होते. त्यानंतर राक्षस असा मारला की विचारू नकोस.

निघताना आम्ही ठरवलं, की मान सगळ्यांचा परत द्यायचा. युवराज युवराज, देवीची मुलगी देवीची मुलगी. पण एका रविवारी जावई एकच, बाकीच्यांनी वाढायचं. पुढच्या वेळी जिनेशचा नंबर आहे. त्याने जाताना दुकानातून खरी टोपी आणि टॉवेल आणून नानांच्या हातात दिला. एस.टी.त बसेपर्यंत नानांनी ते पिशवीत घातलं नाही.

मावशी, इतकी वर्षं ते ताट धरून उभे असायचे आणि माझ्या कधी मनातही आलं नाही. मला फार वाईट वाटतंय.

माझ्यावर लोभ ठेव आणि त्यांच्यावर थोडा जास्त ठेव.

मेघा

---

धुळे,
८ जून २०२६

चि. मेघास,
लतामावशीचे आशीर्वाद.

पत्र मी यांना दाखवलं नाही, पण ते डब्यात सापडलं आणि यांनी वाचलं. असो.

टोपी कपाटात ठेवली होती. रोज कपाट उघडून बघायचे आणि किल्ली शोधतो म्हणायचे. मग मला सुचलं, की हा धोंड्याचा महिना. बठ्ठ्या घरांत, एकही न सोडता, जावयाला धोंडे-अनारशाचं जेवण आहे. तुझ्या पप्पांना, दीपकरावांना, आपण दरवेळी करतो. यांना कधी कोणी केलं नाही, कारण जावई बाहेरून यावा लागतो आणि हे तर घरातच. आई-बाबा आता नाहीत. म्हणजे या घरात सासर मी आणि माहेरही मीच.

काल तुझे आई-पप्पा आले होते. मी यांच्या हातात पिशवी दिली आणि सांगितलं, की एस.टी. स्टँडवर जा आणि तिथून या. हे म्हणाले, डोकं फिरलंय का. पण गेले. परत रिक्षातून आले, टोपी घालून. अर्धी गल्ली बाहेर उभी होती. मी पायांवर पाणी घातलं, ओवाळलं आणि या जावईबापू म्हटलं. यांनी मान वर केली नाही.

पाटावर बसल्यावर घास घेईनात. मला वाटलं तब्येत बिघडली. तुझी आई म्हणाली, अगं अक्का, रुसले आहेत. बघितलं तर खरंच. रीतीप्रमाणे विचारलं, की काय हवं. घड्याळ मागतात की अंगठी, अशा काळजीत मी. यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. मग म्हणाले, आज वरण मी वाढणार नाही.

मग तुझे पप्पा उठले आणि त्यांनी माझ्या हातातून वरणाचं पातेलं घेतलं. पहिली पळी ताटाबाहेर गेली, दुसरी यांच्या नव्या टॉवेलवर. दीपकरावांना वाढता येत नाही हे मला आजवर माहीतच नव्हतं, कळणार तरी कसं. यांनी टोपी सारखी केली आणि आणखी वाढा म्हणाले.

तुमच्या रविवारांवर आणि आम्हा दोघांवर तुझा लोभ असू दे.

तुझी,
लतामावशी