डाउनलोड-चोर शोध समिती

१ सप्टेंबर, सकाळी
आजपासून पीएचडीला खऱ्या अर्थाने सुरुवात. मागची तीन वर्षं मनाची तयारी चालली होती. विषय: जर्मन कादंबरीतलं मौन. गाइडबाईंनी काल निर्वाणीचं सांगितलं, तीस तारखेपर्यंत पहिलं प्रकरण हातात पडलं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. बाई उगाच घाई करतात. सासरेबुवांचा मात्र माझ्यावर विश्वास आहे. त्यांनी माझ्या नावाची अ‍ॅक्रिलिकची पाटी आधीच करून आणली, 'डॉ.'सकट. बायकोने ती पेपरात गुंडाळून सिंकवरच्या फळीवर ठेवलीय. दाराला कधी लावायची, असं अधूनमधून विचारते. विचारण्याचा सूर मला आवडत नाही.

४ सप्टेंबर
लायब्ररीत गेलो. जर्मनची दोन कपाटं तळघरात आहेत. धूळ बघून परत आलो. पुस्तकं वाचून रिसर्च करायचे दिवस गेले. लायब्ररीच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये जगभरचे लेख आहेत, फक्त आपला कार्ड नंबर टाकायचा. मेहुण्याने एक प्रोग्राम दिला. एक शब्द टाकला की त्यावरचे सगळे लेख आपोआप उतरतात. मेहुणा प्रथमच कामाला आला. शब्द टाकला: जर्मन. मग जरा आडवा झालो.

५ सप्टेंबर
अजून उतरतंयच. लॅपटॉप तव्यासारखा तापलाय. मी झोपेतसुद्धा रिसर्च करतो, असं बायकोला सांगितलं. ते लग्नापासून बघतेय म्हणाली.

९ सप्टेंबर
नमुन्यादाखल एक लेख उघडून शेवटपर्यंत वाचला. जर्मन झुरळांवर आहे. बारीक, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळे पट्टे. कादंबरीचा उल्लेख एकदाही नाही. मौन म्हणतात ते हेच. समीक्षा किती पुढे गेलीय!

१२ सप्टेंबर
अनर्थ. डेटाबेस बंद! अख्ख्या युनिव्हर्सिटीचा. ग्रंथपालांची नोटीस लागलीय: कुणीतरी आपल्या कार्डावरून बेसुमार लेख उतरवले, म्हणून डेटाबेसवाल्या कंपनीने सगळ्यांचंच कनेक्शन तोडलं. काय एकेक माणसं असतात! इथे माझं काम ऐन भरात आलेलं. आणि इतके लेख उतरवून हा गृहस्थ वाचणार कधी?

१५ सप्टेंबर
लायब्ररीच्या पायऱ्यांवर सभा. भाषण ठोकलं. टाळ्या. डाउनलोड-चोर शोध समिती स्थापन, अध्यक्ष एकमताने मी. प्रकरणाला थोडा उशीर होईल, पण जबाबदारी टाळणं माझ्या स्वभावात नाही. गाइडबाईंना फोनवर तसं कळवलं. त्यांनी फोनच ठेवला. गहिवरल्या असाव्यात.

२१ सप्टेंबर
तपासाला यश. ग्रंथपाल म्हणाले, उतरवलेल्यात झुरळांवरचे लेख ढिगाने आहेत. मग काय राहिलं शोधायचं! कीटकशास्त्राचा एक संशोधक आहे, त्याला सगळे डास म्हणतात. त्याला कँटीनमध्ये गाठून चारचौघांत जाब विचारला. रडवेला झाला. म्हणे त्याला झुरळांची किळस येते, त्याचं काम फक्त डासांवर. अट्टल गुन्हेगार असेच बोलतात.

२७ सप्टेंबर
कंपनीकडून चोराचा कार्ड नंबर आला. ग्रंथपालांनी त्यावरून नाव काढलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, आपण दोघंच केबिनमध्ये बोलू. मी साफ नकार दिला. पुन्हा हाताला धरून म्हणाले. मी हात सोडवून घेतला. कुणालाही पाठीशी घालणार नाही. शेवटी त्यांनी नाव पाकिटात बंद करून दिलं. उद्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, मी स्वतः उघडून मोठ्याने नाव वाचणार.

२८ सप्टेंबर
वाचलं.

२९ सप्टेंबर
प्रोग्राम मेहुण्याचा होता. म्हणजे तसं बघितलं तर चोर मेहुणाच. हे काल कुणी ऐकूनच घेतलं नाही. चोराला वर्षभर ऑनलाइन बंदी, आणि त्या कागदावर अध्यक्ष म्हणून सही मलाच करावी लागली. टाळ्या भाषणापेक्षा जास्त. डासाने शेजारी बसवून पाणी दिलं. त्याची माफी मागितली. फार लाज वाटली.

३० सप्टेंबर
गाइडबाईंनी विचारलं, महिनाभरात काय वाचलं. खोटं बोलवेना. झुरळांचा लेख म्हणालो. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रजिस्ट्रेशन रद्द. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जिन्यात थांबून रडलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. टोमणा मारेल वाटलं होतं, पण तिने चहा टाकला. तेवढ्यात सिंकखालून झुरळ निघालं. बारीक, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळे पट्टे. जर्मन आहे, असं मी म्हणालो. मग तुझाच विषय, तूच मार, म्हणाली. फळीवर हाताला पाटी लागली. पेपर फाडून हाणली. झुरळ निसटलं. पाटीवरचं 'डॉ.' तेवढं तुटून सिंकमध्ये पडलं. बाकीचं नाव शाबूत आहे. उद्या दाराला लावून टाकतो.