खोळीखालचं नाव

७ जाने., मंगळ.
झोप ६ तास. सकाळची गोळी घेतली. संग्रहालयातला तिसरा मंगळवार. मनाच्या डॉक्टरांनीच पाठवलंय. नऊ जण आम्ही, सगळे गोळ्यावाले. जुनी वस्तू बघायची, तिच्यावरून काहीतरी करायचं, चित्र, माती, काहीही. मागच्या दोन वेळी नुसता चहा पिऊन आले.
आज काचेच्या पेटीत घोंगडं. चादरीसारखं पसरलेलं. माणच्या मेंढक्याची लेक मी, कसं बघवणार? वर्ग घेणाऱ्या मॅडमना म्हटलं, "आवं, ह्याची खोळ करत्यात. पावसात डोक्यावरनं घ्यायला." त्या म्हणाल्या, "करून दाखवाल?"

१४ जाने.
संक्रांत, वर्ग नाही. तिळाच्या वड्या केल्या, दोन वर्षांनी. कडक झाल्यात. हे बिनतक्रार चावतायत.

२१ जाने., मंगळ.
मॅडमनी परवानगी काढली, पेटी उघडली. हात धुऊन कोरडे करायला लावले. गोळ्यांनी माझे हात कापतात, कप बशीवर वाजतो. आज घोंगडं हातात आलं, एक टोक आत, दुसरं त्याच्यावर, झाली खोळ. हात एकदाही कापला नाही. लय बरं वाटलं. रडले पण.
मग कोळशाने खोळीचं चित्र काढलं. मॅडम विचारतात, आत कुणीच कसं नाही? म्हटलं, "मला तोंडं काढाय जमत न्हाईत." त्यांनी वहीत भलतंच काहीतरी लिहून घेतलं असणार.

४ फेब्रु., मंगळ.
मार्चमध्ये सगळ्यांच्या कामांचं प्रदर्शन. कार्डावर नाव घालायचं की नाही, ज्याचं त्याने ठरवायचं. नाव घातलं की गावाला कळणार मी कशाच्या वर्गाला जाते ते. आणि नेमकं लेकीला, पूजाला, मिरजेचं स्थळ आलंय. चांगली माणसं.
नणंदबाईंचा फोन. "वैनी, लगीन हुईस्तवर तरी गप ऱ्हावा. पोरीच्या आड येऊ नगा."
यांना विचारलं. "तू म्हणशील तसं." म्हणजे बहिणीचंच खरं.

९ फेब्रु., रवि.
पूजालाच विचारलं. पोळ्या लाटत होती. "आई, आता लपवलं तर तुझ्या गोळ्या मी जन्मभर लपवत बसू? नाव घाल." लाटणं काही थांबलं नाही तिचं.
पोरीचा अभिमान वाटला. पण उद्या पस्तावली तर...

११ फेब्रु., मंगळ.
कार्ड लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट. नणंदबाईंना कळवलं. त्यांनी फोन ठेवला. ठेवू दे.
मिरजेच्या बाईंनाही, म्हणजे मुलाच्या आईला, मीच बोलावलं. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

४ मार्च, मंगळ.
प्रदर्शन. मिरजेच्या बाई एकट्याच आल्या. दारावरची 'मानसोपचार वर्गाची कामं' ही पाटी वाचली, माझं कार्ड दोनदा वाचलं. मी सरळ सांगितलं, "माझंच हाय. दोन वर्षं गोळ्या चालू हायत. आता बरी हाय. पूजाला सगळं ठावं हाय." त्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या होत्या.
स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागल्यावर हळूच म्हणाल्या, "आसला वर्ग आमच्या मिरजंत न्हाई का वो?"
"कुणासाठी?"
त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. चढल्या, खिडकीशी बसल्या. स्थळाबद्दल एक अक्षर नाही. गाडी निघता निघता फोन नंबर मागितला. यांचा द्यायला लागले, तर म्हणाल्या, "न्हाई, तुमचा द्या."