समितीसाठी तांबडा झोत

३ फेब्रुवारी
संचालक म्हणतात, "दिखता नहीं तो दिखाओगे क्या?" विज्ञानसंस्थेचा प्रमुख हा! आमचा लेसर अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, हे मला गावच्या शाळेत पत्र्याखाली बसून कळलं होतं. हे परदेशात शिकून आलेत.

५ फेब्रुवारी
लेसरमधला स्फटिक जळला. नवा कस्टममध्ये अडकलाय. म्हणजे आमचे प्रकाशाचे स्पंद बंद — आणि बारा तारखेला अनुदान ठरवणारी समिती. तिला पटलं नाही तर प्रयोगशाळेला टाळं. माझ्या विद्यार्थिनीची, आसावरीची, पीएचडी अर्ध्यावर.

संचालकांना तोडगा सुचला! आरसे जुळवायला वापरतो तो साधा तांबडा झोत सोडायचा आणि हेच आमचं संशोधन म्हणून दाखवायचं. "लाल है, सबको अच्छा लगेगा." लग्नाचा मांडव आहे का हा?

आसावरी जयपुरातच वाढलेली, मराठी अडखळत बोलते. "सर, मतलब... आपण खोटं दाखवणार?"

"मी आहे ना. खरं ते मी सांगेन."

८ फेब्रुवारी
मोती डुंगरीच्या गणपतीपुढे बसलो. पदार्थातला रेणू थरथरतो, ती थरथर पकडण्याइतका छोटा असतो आमचा एकेक स्पंद. देवानं तो डोळ्यांआड ठेवला; दिसत नाही, पण हात मध्ये आला तर भाजतो. मला तो तसाच आवडतो. मागे एक जोडपं देवाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होतं. संचालकांचे नातलग शोभले असते!

१० फेब्रुवारी
लेसरच्या टेबलाला झेंडूच्या माळा. पाकळ्या आरशांवर. काय बोलायचं?

१२ फेब्रुवारी, दुपार
समितीतले चौघे तांबड्या झोतासमोर उभे राहून फोटो काढतायत. अडाणी! अध्यक्षबाई जेवणानंतर येणार. मंदाकिनीबाई — सत्तरीच्या, मूळच्या साताऱ्याच्या. त्यांनाच सांगणार आहे.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
बाईंनी विचारलं, "मिड-इन्फ्रारेड चालू है?" संचालक माझ्याकडे बघत होते. आसावरीही.

"जी, चालू है." मी म्हणालो. मी!

बाईंनी सरळ झोतात हात घातला. मी जागचा हललो नाही.

त्या हळूच मराठीत म्हणाल्या, "खरंच चालू असता, तर तुम्ही माझा हात मागे खेचला असतात."

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "एक साल और दीजिए इन्हें." आणि मला, आसावरीकडे बघत, खालच्या आवाजात, "या मुलीसाठी देतेय."

निघताना एकदा वळून पाहिलं त्यांनी. राग नव्हता. मी संचालकांकडे पाहतो, तसं पाहिलं.