तुटक रेषेतला हात

३ मार्च १८४६

“सापडलं नाही ते हाड तुटक रेषेत ठेवावं, लेटी. तिथं छाया भरायची नाही.” बाबांचं हे वाक्य आज डॉर्सेटच्या किनाऱ्यावर घोडागाडीतून उतरताना आठवलं आणि हसू आलं. चाळिशी उलटली तरी मी त्यांचीच शिकाऊ. जीवाश्मांची चित्रं काढणं हे आमच्या घरचं काम. ते गेल्यावर मी एकटीच करते.

मला चित्रासाठी बोलावणाऱ्या रेव्हरंड स्टिकलँड यांचं घर भरपूर उजेडाचं. उत्तरेच्या खिडकीखाली प्राचीन समुद्री सरड्याचा सांगाडा आहे, अजून खडकात रुतलेला. लांबलचक मान, पण डोकं नाही. पुढचा एक पंजाही नाही. मी लगेच त्याच्यापाशी रेंगाळले, तर घर सांभाळणाऱ्या मिसेस गॅपर म्हणाल्या की हाडं कुठं पळून जात नाहीत, बाई, सूप मात्र निवतं.

८ मार्च

शिळाछापाचं काम छान चाललंय. छापायच्या दगडावर तेलकट खडूनं सगळं उलटं काढायचं, तेव्हा कागदावर सुलटं उतरतं.

आज रेव्हरंडांनी गळ घातली. लंडनच्या विद्वानांना जनावर पूर्ण हवंय, तेव्हा पंजा छाया भरूनच काढा. मी बाबांचा नियम सांगितला. ते हसून म्हणाले, मग दुसरा चित्रकार बघतो. या वयात मला असं काम पुन्हा कोण देणार? समोर नमुना नव्हता. माझाच डावा हात सांगाड्याजवळ, पंजाच्या जागच्या कोऱ्या खडकावर ठेवला आणि त्याच्या आतली हाडं कल्पून काढली.

१२ मार्च

पहिला छाप निघाला. हात उलटवायचा राहूनच गेला होता. डावा पाहून तसाच काढला, कागदावर उजवा उमटला. रेव्हरंडांना चालतंय.

सकाळपासून माझा उजवा हात गार पडलाय.

१५ मार्च

कोऱ्या खडकात हाडं वर आलीत. रेव्हरंड खूश. म्हणतात, ती तिथंच होती, तुमच्या नजरेला आधी दिसली.

करंगळीच्या हाडावर गाठ आहे. लहानपणी माझी उजवी करंगळी दारात चेंगरली होती. हाड जुळलं तिथं अशीच गाठ— आत्ता चाचपून पाहिली. गाठ नाही. आत हाडच नाही.

१७ मार्च

डाव्या हातानं लिहितेय. उजवा रिकाम्या हातमोज्यासारखा लोंबतो. मिसेस गॅपरनी तो हातात घेतला. थट्टा केली नाही.

“गाडी बोलावते, बाई. आत्ताच निघा.”

पण दगड इथंच राहणार— छाप निघत राहणार—

१८ मार्च

रेव्हरंडांनी खिडकीशी बसवलंय. उजेड बघायचाय म्हणाले. पण खडू त्यांच्याच हातात आहे. माझ्याकडे बघतात, मग दगडाकडे. लांब मानेच्या टोकाशी काहीतरी काढतायत. छाया भरतायत.

जबडा गार— बोलवत नाही. हे पानच त्यांच्यापुढे सरकवते. नाहीच म्हणतील, छाप लंडनला जायचेत. तरी—

रेव्हरंड, दगड घासून कोरा करा. नाहीतर निदान डोळ्यांच्या खोबणी तुटक रेषेत—