गंज काढला की निघतो

३ ऑगस्ट, रविवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. शिस्त हवी. जन्मभर प्लॅनिंग डिपार्टमेंटमध्ये काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको.

काल बायकोचा फोन. म्हणाली, तुम्ही न्यायला या, मग येते. ती बहिणीकडे आहे. एप्रिलमध्ये तिची आई गेली, तेव्हापासून तिथेच. मला तेव्हा जाता आलं नाही. गाडी सर्व्हिसिंगला होती. ती बसने गेली. माणूस काय करणार?

तर, पुढच्या रविवारी न्यायला जायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

गाडीवर एक नजर टाकावी म्हणून खाली गेलो. मागच्या उजव्या चाकावरच्या कमानीला गंज. नखाएवढाच, पण गंज. अशा गाडीतून बायकोला आणायचं? साडू दारातच उभा असणार. त्याची गाडी नवी आहे आणि तो तसं सांगतोही.

संध्याकाळ.

गंजाची कारणं शोधून काढली. दोन आहेत. एक, गेटजवळच्या स्टॉपवरची बस. सुटताना खड्ड्यातलं पाणी नेमकं माझ्या गाडीवर उडवते. ही बस साडूच्या गावालाच जाते, त्यामुळे तिच्याकडून वेगळी अपेक्षाही नव्हती.

दोन, बायको. दर रविवारी पाइप घेऊन चाकांच्या वरच्या पोकळीत पाणी मारायची. मग स्वेटर विणायची सुई घेऊन उकिडवी बसायची आणि खालच्या पत्र्यात काहीतरी टोकरायची. लोखंडावर पाणी! मी कधी बोललो नाही. मूग गिळून बसलो. आता भोगतोय.

६ ऑगस्ट.

खरेदी. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, प्रायमर, डांबरासारख्या काळ्या कोटिंगचा मोठा डबा. दुकानदार म्हणाला, आधी चिखल धुवा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. दुकानदारांना बोलायला माणूस लागतो.

१० ऑगस्ट, रविवार.

पाऊस. जाणं पुढच्या रविवारवर ढकललं.

बायकोला फोन करून सगळं नीट समजावलं. कमान, गंज, प्रायमर, कोटिंग, क्रम. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, जेवलात का? हो म्हटलं. ब्रेड खाल्ला होता.

१३ ऑगस्ट. दुपार.

मोठा शोध!

गाडीखाली आडवा झालो तर दाराखालच्या पत्र्याला, चाकाच्या बाजूने, ओळीने बारीक भोकं. कंपनीतूनच तशी आलेली. म्हणजे इतकी वर्षं रस्त्यावरचं पाणी इथूनच आत शिरत होतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. बायको तर ती सुईने मोकळी करत बसायची. कपाळाला हात लावला.

उजव्या बाजूची सगळी भोकं पुट्टीने बुजवली. वरून अंगठा दाबून फिरवला. कंपनीच्या इंजिनियरांना पत्र लिहावं का? नको. उगीच कुणाची नोकरी जायची.

१७ ऑगस्ट, रविवार.

कोटिंगचा दिवस. जायचा पण हाच दिवस होता. मात्र ओल्या कोटिंगने प्रवास करणं मूर्खपणा.

डबा ढवळायला काही सापडेना. बायकोची सुई टोपलीत होती. लांबीला अगदी बरोबर. अशा कामासाठीच केलेली असावी.

कमानीच्या आत थोडा ओला चिखल होता. खरवडायचं जिवावर आलं. विचार केला, चिखलामुळे कोटिंगला पकड मिळेल. दोन हात मारले. कमान आतून बाहेरून काळीभोर. गंज कुठे होता हे आता मलाही सांगता येणार नाही. याला म्हणतात काम.

२० ऑगस्ट.

कोटिंग वाळत आहे. गाडीत जाऊन बसलो. शेजारची सीट बायकोने पुढे ओढलेली असते, ती तशीच आहे. मागे करायला हात घातला, मग राहू दिली.

किती वेळ बसलो कोण जाणे. बस येऊन गेली. काही वाटलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार.

मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आई रोज विचारते, तुमचा फोन आला होता का. मी म्हटलं, कोटिंग वाळतंय. ती म्हणाली, कोटिंगचं नाही विचारत ती. मी म्हटलं, हवेत दमटपणा आहे. तिने फोन ठेवला. तिलाही कामं असतात.

पुढचा रविवार पक्का.

३१ ऑगस्ट, रविवार.

निघण्याआधी चाचणी म्हणून गाडी चौकापर्यंत नेली. ब्रेक मारला की कुठेतरी पाणी हिंदकळल्याचा आवाज. बादली घेऊन चालावं तसा. विचारांती कळलं, टाकी पूर्ण भरली आहे. पेट्रोलचा आवाज. भरलेल्या टाकीची सवय राहिली नाही, एवढंच.

तरी खात्री करून घेतलेली बरी. आज गेलो नाही.

७ सप्टेंबर, रविवार.

साडूचा फोन. म्हणाला, भाऊ, मीच सोडू का वहिनींना? स्वतःच्या मेहुणीला वहिनी म्हणतो, यावरून माणूस ओळखावा. मी म्हटलं, नको, न्यायला मी येणार असं ठरलंय. म्हणाला, कधी? मी म्हटलं, डावी बाजू राहिली आहे.

खरं म्हणजे डाव्या बाजूला गंज नाही. पण एका बाजूला कोटिंग आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे बरं दिसत नाही. डाव्या बाजूचीही भोकं बुजवली. आता घाईत चूक नको.

१४ सप्टेंबर, रविवार.

डावी बाजू पूर्ण. उत्तम.

गाडीत वास येतो आहे. ओल्या फडक्यासारखा. काचा उघड्या ठेवल्या. मग पाऊस आला. मग काचा लावल्या.

२१ सप्टेंबर, रविवार.

या आठवड्यात फोन आला नाही. बरंच झालं, मी कामात होतो. काय काम होतं ते लिहायचं म्हणून पेन उचललं आणि आठवेना.

स्वयंपाकघरात दोन कप आहेत. मी एकच वापरतो. दुसराही विसळून ठेवतो.

पुढच्या रविवारी निघायचंच. लिहून ठेवतो: निघायचंच.

२७ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ.

बायको आली. साडूच्या गाडीतून. आधी वाटलं परत आली. म्हणाली, थंडी सुरू होईल, स्वेटर न्यायला आले आहे.

वर यायच्या आधी आमच्या गाडीपाशी थांबली. सवयीने उकिडवी बसली आणि पत्र्यावर बोट फिरवलं. म्हणाली, इथली भोकं कुठे गेली? मी सगळं सांगितलं, शोधापासून. सांगताना आवाजात थोडा अभिमान आला असेल. तिने विचारलं, माझी सुई कुठे आहे?

आणून दिली. अर्ध्यापर्यंत काळी, वर कोटिंग कडक झालेलं. तिने सुईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग टोकावरचं कोटिंग नखाने खरवडलं आणि सुई पुट्टीत घुसवली.

पाणी आलं. तांबडं, गढूळ. भोकातून धार लागली ती थांबेना. तिच्या चपलांवरून, माझ्या बुटांवरून वाहत गेलं. आम्ही दोघंही बाजूला झालो नाही. साडू अरे बापरे म्हणाला आणि पाणी त्याच्या नव्या गाडीपासून किती लांब आहे ते बघून आला.

धार संपली. तिने कमानीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

मी म्हटलं, पत्रा बदलून घेतो, पुढच्या रविवारपर्यंत होईल. ती उठली. हात पुसत म्हणाली, मी न्यायला या म्हटलं होतं. गाडी आणा असं कधी म्हटलं? बस तर आपल्या दारावरून जाते. आई गेली तेव्हाही जात होती.

आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

वर जाऊन तिने स्वेटर बॅगेत भरले. फ्रिजमधलं हिरवं झालेलं काहीतरी टाकून दिलं, ओटा पुसला, आणि निघाली. सुई गाडीच्या टपावर राहिली. विसरली की ठेवून गेली, ते विचारायचं राहिलं. मला रडू यायला हवं होतं. वाट पाहिली. आलं नाही. हात धुऊन घेतले.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळ.

इस्त्रीचा शर्ट घातला. सुई थिनरने घासून स्वच्छ केली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. ती आधी द्यायची, मग बोलायचं. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवू. दीड तास आहे.

स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. तिथून आपली गाडी पहिल्यांदाच बघितली. लांबून बरी दिसते.

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, चला काका. मी म्हटलं, एक मिनिट, तुम्ही जरा पुढे घ्या, पाणी नेमकं कुठे उडतं तेवढं एकदा बघून घेतो. मग त्याने दार लावलं.

उडालं. मागच्या उजव्या चाकावरच.

मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.