रॅक येतोय, काका

बाबा, हरणीच्या काकू गेल्या. श्रावणात गेल्या, पण तुम्हाला सांगायला आज बसलोय. नुसत्या गेल्या असत्या तर तुमचे मित्र एकटे पडले एवढं लिहून थांबलो असतो. त्यांना चांदोदला जायचं होतं, नर्मदेवर, स्वतःच्या गाडीतून, काकांच्या शेजारी बसून. ते राहिलं, आणि माझ्यामुळे राहिलं. गाडी अजून माझ्या छाणीच्या गॅरेजात मागच्या शेडखाली उभी आहे. तिच्याकडे पाठ करून मी हे लिहितोय. आज रविवार, मिस्त्री सुट्टीवर, आणि घरी लिहायला बसलो असतो तर तुमच्या सुनेने विचारलं असतं, एवढं काय लिहिताय म्हणून.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गॅरेज कुठलं हेही सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा मी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये होतो, टाय लावून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत होतो. त्या टायचा तुम्हाला कोण अभिमान! खंडेराव मार्केटात वांगी निवडतानासुद्धा भाजीवाल्याला ऐकवायचात, "मारो छोकरो अमेरिकन कंपनीमां छे." मी शोरूमच्या मालकाचा नोकर, कंपनीचा नव्हे, हे तुम्हाला किती वेळा सांगितलं, पण तुमच्या लेखी तो फरक नव्हताच. ज्याच्या दारावर कंपनीचा बोर्ड, तो कंपनीचा माणूस. आपल्या घरात तीन पिढ्यांनी सरकारची चाकरी केली, त्यामुळे तुम्हाला कंपनी म्हटलं की दरबारच दिसायचा.

आणि आजोबांची ती गोष्ट. आजोबा बडोदे संस्थानच्या मोटारखान्यात होते. सरकारांच्या एका अमेरिकन गाडीचा कसलासा भाग तुटला, आजोबांनी साहेबांकडून अमेरिकेला लिहवून घेतलं, आणि कितीतरी महिन्यांनी बोटीने लाकडी खोका आला. आत गवतात गुंडाळलेला भाग, आणि सोबत कंपनीच्या माणसाचं विचारपूस करणारं पत्र, की आपली गाडी आता कशी आहे. "गाडी विकली म्हणून कंपनी विसरत नाही," हे तुमचं पालुपद. गोष्ट सुरू झाली की आई उठून आत जायची. खोका दर वेळी थोडा मोठा व्हायचा, हे मी लहानपणीच ओळखलं होतं. पण गोष्ट खरी होती की नाही हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

मग ती कंपनी हालोलला आली. तुम्ही रिटायर व्हायच्या बेतात होता. एसटीने हालोलला गेलात, कारखान्याचं नुसतं गेट बघितलंत आणि परत आलात. आई म्हणाली, देऊळ होतं का ते. तुम्हाला राग आला नाही, उलट तुम्ही हसलात. स्वतःजवळ एक जुनी स्कूटर, पण बडोद्यातल्या निम्म्या मराठी मंडळींना गाडी कुठली घ्यावी हे तुम्ही सांगायचात. काका तेव्हा कॉलेजात शिकवत होते, पहिली गाडी घेणार होते, आणि सगळे घेत होते तीच छोटी गाडी घेणार होते. तुम्ही आडवे आलात. रोज संध्याकाळी हरणीला जाऊन बसलात. शेवटी म्हणालात, माझा मुलगा तिथे आहे, तुम्हाला काळजी कसली? या एका वाक्यावर काकांनी ती मोठी पांढरी गाडी घेतली. काकूंनी बॉनेटला हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि पहिली फेरी कुठे, तर चांदोदला. काकूंचं माहेर ते. मला अजून दिसतंय, काकू पुढे बसल्यात, मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, तुम्ही आणि आई मागे, आणि काका हॉर्न वाजवायलासुद्धा लाजतायत. पुढे माहेरचं घर गेलं, भाऊ गेले, तरी चैत्रात एकदा घाटावर जाऊन पाण्यात पाय बुडवून यायचं हे काकूंनी सोडलं नाही. दुसऱ्याच्या गाडीत त्यांना मळमळायचं. आपल्या गाडीत कधी नाही, असं त्या मोठ्या अभिमानाने सांगायच्या.

एक दिवस तर मला राहून राहून आठवतो. त्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला तुम्ही काकांबरोबर वर्कशॉपमध्ये आला होता. काउंटरवर एक गृहस्थ बाजूच्या आरशासाठी आले होते. आरसा नव्हता, कधी येईल तेही ठाऊक नव्हतं, पण मी सवयीने म्हणालो, "काले मळी जशे." ते गेले. तुम्ही मला बाहेर पंक्चरवाल्याच्या बाकड्यापाशी घेऊन गेलात. सगळ्यांसमोर बोलला नाहीत, एवढी माझ्या टायची लाज राखलीत.

"आरसा उद्या येणार आहे?"

"नाही."

"मग नाही म्हणायला काय जीभ झडते? नाही म्हटलंस तर तो दुसरी सोय करील. उद्या म्हटलंस तर बिचारा बसून राहील."

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मनात म्हटलं, यांना धंदा काय कळतो, जन्मभर म्युनिसिपालिटीत काढला.

तुम्ही गेल्यावर बरीच वर्षं सगळं नीट चाललं होतं. कंपनीने छोट्या गाड्या काढल्या, त्या खपल्याही. मग एक दिवस चहा पिताना फोनवर बातमी वाचली, की कंपनी आपल्या देशात आता गाड्या विकणार नाही. मला कोणी बोलावून सांगितलं नाही, आणि का सांगावं? काही दिवसांतच शोरूमवर दुसरा बोर्ड चढला. कंपनीने सांगितलं, स्पेअर पार्ट मिळत राहतील, आणि नव्या गाड्यांचे मिळतातही, खोटं कशाला बोलू. पण काकांच्या गाडीसारख्या अगदी पहिल्या गाड्या कोणाच्या यादीतच राहिल्या नव्हत्या. मी छाणीला हे गॅरेज टाकलं. लोकांना वाटलं, बघा, कंपनी गेली पण हा आपल्या लोकांसाठी उभा राहिला. आपल्या मंडळाच्या गणपतीत माझा सत्कारसुद्धा झाला, बाबा, नारळ आणि शाल देऊन. खरं सांगायचं तर मला दुसरं काही येत नव्हतं. गिऱ्हाइकं यायची ती रागावलेली नसायची. रागावली असती तर बरं होतं. दवाखान्यात पेशंटचे नातेवाईक डॉक्टरकडे बघतात तशी माझ्याकडे बघायची, आणि त्यांतली निम्मी तुमच्या ओळखीची. "तुमच्या वडिलांनीच सुचवली होती ना," असं हसत म्हणायची. टोमणा नसायचा तो, पण मला तो टोचायचाच.

गेल्या माघात काका गाडी घेऊन आले. स्टिअरिंग सैल झालंय म्हणाले. मिस्त्री खाली शिरला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "साहेब, आमां कांई नथी रह्युं." स्टिअरिंगचा रॅक, चाकं वळवणारा तो दातेरी दांडा, झिजून संपला होता. मी अहमदाबादला फोन केले, दिल्लीच्या भंगारबाजारात केले. एक जुना रॅक आला, तो काकांच्या रॅकहून वाईट. बाकी कुठे जुगाड चालतो, स्टिअरिंगमध्ये नाही. जुगाड करून त्या दोघांना चांदोदच्या रस्त्याला लावायचं म्हणजे जिवाशी खेळ. गाडी संपली, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठीच मी हरणीला फोन लावला. उचलला काकूंनी.

"अरे, गाडी कधी देतोस? यंदा चैत्रात जाऊन यायचंच आहे. हृदय थकलंय म्हणतात माझं, पण तेवढ्या प्रवासाला डॉक्टर हो म्हणालेत."

आणि माझ्या तोंडून निघालं, "काकू, भाग अमेरिकेहून मागवलाय. येतोय."

त्या खळखळून हसल्या. "तुझ्या बाबांची बोट!" म्हणाल्या, आणि आतल्या खोलीत काकांना ओरडून सांगितलं, की अहो, रॅक बोटीने येतोय. तुमची गोष्ट त्या घरात एवढी पाठ होती की माझ्या थापेला पुरावा लागलाच नाही. दुसऱ्या कोणी ती थाप मारली असती तर काकांनी दोन प्रश्न तरी विचारले असते. मी तुमचा मुलगा, म्हणून विचारले नाहीत.

चैत्र गेला. काकू दर आठवड्याला फोन करायच्या, बोट कुठवर आली रे, असं थट्टेत विचारायच्या. मीही थट्टेत कुठलं तरी बंदर सांगायचो. लाज वाटायची, पण फोन ठेवल्यावर. वैशाखात काका स्वतः आले, रिक्षाने, भर उन्हात. काकूंनी माझ्यासाठी सुरळीच्या वड्यांचा डबा पाठवला होता. काका बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, टॅक्सी करू का? तिला फार वाटतंय. औषध घेऊन बसली तर मळमळणार नाही कदाचित.

बाबा, हे वाक्य माझ्यासमोर ताटात वाढून ठेवल्यासारखं होतं. करा काका, आजच करा, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "थोडंच थांबा. आता कस्टममधून सुटायचं तेवढं राहिलंय." का म्हटलं? पुष्कळ विचार केला. टॅक्सीला हो म्हणणं म्हणजे भाग येणार नाही हे कबूल करणं, असं त्या क्षणी वाटलं. याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही. माणूस एवढ्याशा कारणासाठी एवढं करतो, यावर दुसऱ्याच्या बाबतीत मी विश्वास ठेवला नसता. काका लगेच म्हणाले, मग थांबतो, आपली गाडी असताना टॅक्सी कशाला.

तुम्ही विचाराल, तुझी स्वतःची गाडी नव्हती का? होती. आहे. चांगली, थंडगार, काकू मागे आडव्या होऊन गेल्या असत्या अशी. पण ती दुसऱ्या कंपनीची आहे. कंपनी गेल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल तर ती गाडी घेतली, आणि गेली कितीतरी वर्षं ती गॅरेजच्या मागच्या गल्लीत लावतो, गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून. हरणीला जायचो तेव्हा सोसायटीच्या बाहेर, कोपऱ्यावर ठेवून चालत जायचो. काकूंना नर्मदेवर न्यायची गोष्ट मला सुचली नव्हती असं नाही. सुचली होती. पण तुमच्या मुलाने असली गाडी घेतली हे त्या दोघांना कळलं असतं. त्या लाजेपुढे त्यांची नदी मला लहान वाटली.

आषाढात काकूंना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तर त्यांनी रॅकचं नाव काढलं नाही. फक्त म्हणाल्या, पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या बुडतात, आता पाणी उतरल्यावरच बघू. मी मान डोलावली. श्रावणात त्या गेल्या. काकांनी अस्थी चांदोदला नेल्या, पुतण्याने टॅक्सी केली होती. मी मागच्या सीटवर बसलो होतो. रस्ताभर काका पुढे बसून डाव्या बाजूने बघत होते, कधी त्या बाजूला बसले नव्हते ना. कलश त्यांच्या मांडीवर होता.

तेव्हाच ठरवलं, तेरावं झालं की सगळं सांगून टाकायचं. वाक्यंसुद्धा तयार केली. परवा काका गॅरेजवर आले, मला हरणीला जायची गरजच उरली नाही. वाळले होते. शेडखाली गेले, गाडीचं डावं दार उघडलं, काकूंची एक शाल मागच्या सीटवर राहिली होती ती घेतली, घडी करून पिशवीत ठेवली. मग माझ्यासमोर स्टुलावर बसले. मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत सांगावं असं ठरवलं, मग चहा पिऊन झाल्यावर असं ठरवलं. तेवढ्यात तेच बोलले.

"रॅकची आता घाई नाही रे. येऊ दे सावकाश. तिने फोन करकरून तुला फार छळलं, मनावर घेऊ नकोस."

ते माझी माफी मागत होते, बाबा. माझी. मी म्हटलं, "हो काका."

त्यांना हाताला धरून रस्त्यापर्यंत नेलं, रिक्षा थांबवली, पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. हे सगळं खरं तर त्यांना लिहायला हवं, ते जिवंत आहेत, हरणीला राहतात, वाचू शकतात. म्हणून तुम्हाला लिहितोय. आणि एक राहिलं. रिक्षा वळेपर्यंत मी हात हलवत उभा होतो, आणि "घाई नाही" या शब्दांनी मला हायसं वाटत होतं.