नेतीचं पाणी

३ नोव्हेंबर

…दूध तापवलं, देवाची भांडी घासली, तुळशीला पाणी घातलं, यांचा चष्मा पदराने पुसून पेपरावर ठेवला, आणि मग ओट्याशी तशीच उभी राहिले. चष्मा लावणारा माणूस जाऊन महिना झाला होता. मिरजेतली ती सकाळ काल गाडीत सारखी आठवत होती.

आज मात्र बरं वाटतंय. बनारसला पोचले. दूधविनायकाच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, म्हणून वेणीमाधव भाऊजी तोंडाला मास्क लावून स्वतः कोपऱ्यावर उभे होते. हे यांचे मावसभाऊ. लहानपणी सगळ्या सुट्ट्या मिरजेत काढलेल्या. पाठशाळेत संस्कृत शिकवत. दीड वर्षापूर्वी त्यांना मूत्रपिंड बसवलं, ते मालविकेचं, त्यांच्या बायकोचं. मालविका बँकेत जाते, दिवसभर घरात कुणी नसतं, म्हणून मला बोलावलं. म्हणाली, पाहुण्या म्हणून नाही, कायमच्या या, वहिनी. मला दुसरं घर उरलेलं नाही हे तिला माहीत आहे, पण बोलण्यात तसं कुठे येऊ दिलं नाही.

जेवताना भाऊजींनी थट्टा केली, की दो दिन में तुम्हालाही आमच्यासारखं अर्धं मराठी येईल.

५ नोव्हेंबर

इस्पितळाने दिलेलं हिंदी पुस्तक आज संपवलं. माझी शाळा सातवीपर्यंतच, पण हे वाचनालयात नोकरीला होते, त्यामुळे घरात येईल ते वाचत गेले. मालविकेने पुस्तक माझ्याच हाती दिलं.

बाहेरून आलेलं मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून औषधांनी शरीराची लढायची ताकदच कमी करून ठेवतात. मग एरवी काहीही न करणारे जंतूसुद्धा आत घर करतात. म्हणून कच्ची कोशिंबीर नाही, शेजारची मांजर आत नाही, आणि प्यायचं पाणी वीस मिनिटं उकळायचं. मी घड्याळ लावून उकळते. मालविका म्हणते, वहिनी, अजून थोडं ठेवा, साय येईल त्याला.

९ नोव्हेंबर

पहाटे अहिल्याबाई घाटावर जाते. मागच्या वर्षी यांच्या अस्थी तिथूनच होडीने नेऊन सोडल्या. पायरीवर थोडी बसते आणि तांब्या भरून आणते.

तो भाऊजींच्या नेतीसाठी. ऑपरेशनपासून त्यांना गंगास्नान बंद आहे. जलनेती मात्र लहानपणापासूनची. एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढायचं. निदान तेवढी तरी गंगा अंगाला लागू दे, म्हणतात. आधी एक विद्यार्थी आणून द्यायचा, आता मी. तांब्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट करते. गंगा विस्तवावर चढवत नाहीत. माझ्या सासूबाईही चढवत नसत.

२ डिसेंबर

भाऊजींचं डोकं चार दिवस दुखतंय. नाकात एक फोड झालाय, खपली निघून थोडं रक्त आलं. तूप लावून दिलं. थंडीने असेल.

६ डिसेंबर

हे लिहावं की नाही, समजत नाही.

मालविका बँकेत गेल्यावर भाऊजी अंगणातल्या खुर्चीवर बसले होते. मी मटार सोलत होते. डावीकडे बघत ते सहज म्हणाले, वहिनी, वासू किती वेळचा ओला बसलाय, त्याला टॉवेल द्या ना.

वासू म्हणजे हे. भाऊजी त्यांना वासूच म्हणत.

डावीकडे कुणी नव्हतं. मी टॉवेल आणून रिकाम्या स्टुलावर ठेवला. भाऊजी हसले. म्हणाले, तो म्हणतोय, मटारात गूळ घालू नकोस. हे मला रोज तेच म्हणायचे.

मालविकेला सांगितलं नाही. सांगितलं तर ती डॉक्टरांकडे नेईल, आणि मग

९ डिसेंबर

हे रोज येतात. नेतीनंतर थोड्या वेळाने. नेहमी डावीकडेच. वाचनालयाच्या किल्ल्या हरवल्या होत्या ते, माझ्या तापात यांनी खिचडी करपवली ते, सगळं भाऊजी सांगतात. मी काम टाकून समोर बसते. सव्वा वर्षात एवढी हसले नव्हते.

भाऊजींचा डावा हात जरा ढिला पडलाय. चहा कपाबाहेर ओततात. मालविकेने विचारलं तेव्हा मी म्हटलं, झोप झाली नसेल.

१३ डिसेंबर

आज भाऊजी म्हणाले, वासू म्हणतोय, एका तांब्याने काय होतं, आणखी पाणी आण.

मी संध्याकाळी पुन्हा घाटावर गेले. आता दोन वेळा नेती.

१५ डिसेंबर

यांचा आवाज असा नव्हता. म्हणजे आवाज भाऊजींचाच, पण शब्द — हे मला कधी अगं बाई असं डाफरून बोलले नाहीत. आणखी आण, आणखी आण, एवढंच. बाकी काही नाही. किल्ल्यांचं विचारलं तरी आणखी आण.

आज एकदाच पाणी आणलं. भाऊजींनी तांब्या भिंतीवर फेकला.

१८ डिसेंबर

भाऊजींना आकडी आली. इस्पितळात आहोत.

१९ डिसेंबर

मेंदूच्या फोटोत सहा-सात डाग दिसले. बहुतेक उजव्या बाजूला. उजवी बाजू बिघडली की डावीकडचं बिघडतं, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. रुचा नाव त्यांचं, मालविकेपेक्षा लहान, पण एकेक प्रश्न नीट विचारतात. अशा रोग्याच्या मेंदूत टीबी असेल, मांजरीकडून येणारा परजीवी असेल, आणखीही काही असेल. डाग सारखेच दिसतात, औषधं मात्र वेगळी. चुकीच्या औषधात गेलेले दिवस परत मिळत नाहीत. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला पाठवलंय, तोवर टीबीचं औषध चालू.

घरात मांजर? नाही. कच्चं मांस? मालविका म्हणाली, पंडितांचं घर आहे, मॅडम. न उकळलेलं पाणी? मालविका म्हणाली, नाही, आमच्या वहिनी घड्याळ लावून उकळतात. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. खोटं बोलतोय असं दोघींच्याही मनात नव्हतं. गंगा आम्ही पाण्यात धरतच नाही.

कधीपासून असं वागतायत, विचारलं. मालविका म्हणाली, चार दिवसांपूर्वी तांब्या फेकला तेव्हापासून.

सहा तारखेचं मी काढलं नाही.

२१ डिसेंबर

कण्यातल्या पाण्यात टीबी निघाला नाही. मांजरीवालाही नाही. भाऊजी हाक मारली तर डोळे उघडतात, पुन्हा मिटतात.

बाकावर बसून ते हिंदी पुस्तक पुन्हा काढलं. शेवटची पानं बारीक अक्षरातली, म्हणून मी सोडली होती. त्यात एक ओळ आहे. मातीत, न उकळलेल्या कुठल्याही पाण्यात एक अमीबा असतो, डोळ्यांना न दिसणारा. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. ताकद कमी असलेल्यांनी नाकात न उकळलेलं पाणी घालू नये. आधी नाकात किंवा कातडीवर फोड होऊ शकतो. मग मेंदू.

तीन वेळा वाचलं.

मग आणखी आण म्हणत होतं ते कोण —

२२ डिसेंबर

सांगायला हवं. टीबीचं औषध चालूच आहे. आणखी एक दिवस गेला.

सांगितलं तर मालविका — तिने स्वतःचं अंग कापून दिलं. आणि मी समोर बसून गोष्टी ऐकत होते. मटार सोलत. बारा दिवस. मला ठाऊक होतं तिथे कुणी नव्हतं. ठाऊक होतं. तरी दुसरा तांब्या —

ती मला घरात ठेवणार नाही. ठेवू नये.

भाऊजींचे डोळे आता सारखे डावीकडे. ओठ हलतात. जवळ जाऊन ऐकायची हिंमत —

२३ डिसेंबर

काल लिहिणं टाकून उठले. आज सकाळी राउंडच्या आधी डॉक्टरीणबाईंच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं. नेतीचं पाणी गंगेचं होतं, मी आणत होते, उकळत नव्हते. नाकात फोड आहे. त्यांना नसलेला माणूस दिसत होता, हेही.

त्या धावत आत गेल्या. फोडाचा तुकडा काढून घेतला. दीड तासाने आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ते अमीबा दिसले, म्हणाल्या. चालत होते. औषध आहे, चार-पाच मिळून द्यावी लागतील, त्यातलं एक बिहारात काळ्या आजाराला देतात, ते मागवलंय. वाचतील का, यावर म्हणाल्या की किती दिवस झाले यावर आहे. मग कागद पुढे ओढून मला विचारलं, त्यांना नसलेला माणूस दिसायला लागला तो दिवस कोणता, अम्मा, नक्की सांगा.

मालविका माझ्या शेजारी उभी होती. माझा हात तिने धरला होता.

मी म्हटलं, सहा डिसेंबर.

तिने हात काढून घेतला.